४६ सामने, २ विजय : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात कोपऱ्यातल्या चौकटीत आम्ही एक ओळ छापली होती : इंग्लंडच्या रॉचडेल क्लबनं १९७३-७४ च्या हंगामात ४६ पैकी फक्त २ लीग सामने जिंकले. एवढ्याशा ओळीवर पेठापेठांतून प्रश्न आले. कोल्हापुरात फुटबॉलवर चुकीचं छापून सुटका होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून या वेळचं सदर त्याच हंगामाला दिलं आहे.

प्रश्न : ४६ सामन्यांत दोनच विजय? छपाईत १२ चा २ झालाय का? आणि एका हंगामात ४६ सामने कुठला संघ खेळतो?
— एक वाचक, शिवाजी पेठ

छपाई बरोबर आहे. रॉचडेल त्या वर्षी तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. अखेरचा हिशेब : ४६ सामने, २ विजय, १७ बरोबरी, २७ पराभव, ३८ गोल केले, ९४ खाल्ले, गुण २१. विजयाला २ आणि बरोबरीला १ गुण, म्हणजे दोन दुणे चार अधिक सतरा. क्रमांक २४ पैकी २४ वा.

आता सामन्यांचा आकडा. त्या काळी इंग्लिश लीगमध्ये ९२ क्लब होते : पहिल्या आणि दुसऱ्या डिव्हिजनमध्ये प्रत्येकी २२, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी २४. प्रत्येकानं प्रत्येकाशी घरी एकदा, बाहेर एकदा खेळायचं. म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये २३ दुणे ४६. ऑगस्टच्या शेवटी सुरुवात, एप्रिलच्या अखेरीपर्यंत आटपायचं. कपचे (बाद पद्धतीच्या स्पर्धेचे) सामने त्यात धरलेले नाहीत, आणि कपात बरोबरी झाली तर टायब्रेकर नाही, पुन्हा सामना. तोही बरोबरीत सुटला तर आणखी एक.

या आकड्यांत २७ पराभवांपेक्षा १७ बरोबऱ्यांकडे बघा. दर आठवड्याला चिरडला जाणारा संघ सतरा वेळा बरोबरी करत नाही. सामन्याला सरासरी दोन गोल खायचे आणि एकही पुरता करायचा नाही (३८ भागिले ४६ म्हणजे ०.८३), अशा संघाला एक-एक किंवा शून्य-शून्यपर्यंत पोचता येतं, त्यापुढं जाता येत नाही. रोग आघाडीफळीत जास्त होता, असं आमचं मत. बचाव चांगला होता असं मात्र कुणी म्हणू नये. ९४ हा आकडा कुणालाच माफ करत नाही.

आणि शेजार कसा, तर अगदी जवळचं ओल्डहॅम त्याच वर्षी त्याच डिव्हिजनमध्ये ६२ गुणांनी पहिलं आलं. पेठेला पेठ लागून, एक वर आणि एक तळात. कोल्हापूरकराला यातलं दुःख समजावून सांगायला नको.

प्रश्न : सहकाराच्या पुस्तकात 'रॉशडेल' येतं. गाव तेच का?
— एक वाचक, इचलकरंजी

तेच. १८४४ च्या डिसेंबरात २८ जणांनी टोड लेनवर सहकारी दुकान उघडलं, ते हेच गाव. इंग्रज उच्चार रॉचडेल असा करतात. गिरण्यांचं गाव, कापडाचा धंदा, त्यामुळं तुमच्या गावाशी नातं जास्तच. १९७३ च्या ऑगस्टात हंगाम सुरू झाला तेव्हा ते लँकाशायरमध्ये होतं. १ एप्रिल १९७४ ला नवी रचना झाली आणि हंगाम संपायच्या आत ग्रेटर मँचेस्टरमध्ये गेलं. क्लबचं मैदान स्पॉटलंड.

प्रश्न : त्या हंगामात रॉचडेलच्या एका सामन्याला फक्त ४५० प्रेक्षक होते असं वाचलं. शाहू स्टेडियमवर सरावालासुद्धा याहून जास्त माणसं कठड्यावर बसतात. संघ हरतोय म्हणून लोकांनी पाठ फिरवली, एवढंच ना?
— एक वाचक, राजारामपुरी

एवढंच नाही. तो सामना ५ फेब्रुवारी १९७४ चा, केंब्रिज युनायटेडविरुद्ध. वार मंगळवार, वेळ दुपारची. खरं उत्तर 'मंगळवार दुपार' या दोन शब्दांत आहे.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. नोव्हेंबरात ब्रिटनच्या कोळसा खाणकामगारांनी जादा वेळ काम करायचं थांबवलं. वीज बहुतांशी कोळशावर, त्यामुळं सरकारनं विजेच्या वापरावर निर्बंध आणले आणि त्यात मैदानांचे प्रकाशझोत गेले. पुढं १ जानेवारी ते ७ मार्च १९७४ या काळात बहुतेक उद्योगांना आठवड्यातले तीनच दिवस वीज. आपल्याकडं भारनियमन म्हणतात ते, पण सगळ्या देशाला एकदम.

आता घड्याळ लावून बघा. इंग्लंडच्या उत्तर भागात डिसेंबरच्या मध्याला सूर्य चारच्या आधीच, साधारण ३ वाजून ५० मिनिटांनी मावळतो. नेहमीची सुरुवात तीनची. पंचेचाळीस मिनिटांचे दोन भाग, दहा मिनिटांचं मध्यंतर, थोडा वाया गेलेला वेळ, म्हणजे पावणेदोन तास. तीनला सुरू केलेला सामना पावणेपाचला संपणार आणि शेवटचा तासभर गोलरक्षकाला चेंडू दिसणार नाही. म्हणून शनिवारचे सामने दोनच्या आसपास आणले. (आपल्याकडं डिसेंबरात चारला सुरू केलेला सामनाही उजेडात संपतो. अक्षांशाचा फरक.)

शनिवारचं असं निभावलं. घोळ झाला तो मधल्या वारच्या सामन्यांचा. पाऊस, बर्फ किंवा कपमुळं पुढं ढकललेला सामना एरवी मंगळवारी-बुधवारी रात्री साडेसातला प्रकाशझोतात व्हायचा. माणूस कामावरून यायचा, चहा घ्यायचा आणि मैदानावर जायचा. दिवेच नाहीत म्हटल्यावर तो सामना दुपारी गेला. दुपारी माणसं कामावर. ज्यांचं काम बंद त्यांचा पगारही कमी. शाळा चालू. वर संघ तळाला. ही सगळी बेरीज झाली की ४५० उरतात.

याला एक तोड निघाली : रविवार. ६ जानेवारी १९७४ ला एफए कपचा पहिला रविवारचा सामना झाला, केंब्रिज युनायटेड विरुद्ध ओल्डहॅम. २० जानेवारीला लीगमध्ये मिलवॉलनं फुलहॅमला १-० हरवलं, तो लीगचा पहिला रविवार. अडचण कायद्याची होती. १७८० च्या एका कायद्यानुसार रविवारी करमणुकीला पैसे घेऊन प्रवेश देता येत नव्हता. मग क्लबांनी प्रवेश फुकट ठेवला आणि दारात सामन्याचं माहितीपत्रक तिकिटाच्या किमतीला विकलं. पत्रक घ्या, आत जा. कुणी हट्टच धरला तर फुकट आत जायला एखादं दार उघडं ठेवायचं, फक्त ते कुठं आहे हे ओरडून सांगायचं नाही. कायद्याचा इतका सरळ चेहऱ्यानं केलेला खेळ क्वचितच बघायला मिळतो.

गल्ल्याचं म्हणाल तर खालच्या डिव्हिजनच्या क्लबाचं पोट दारातल्या पैशावर, त्यातूनही ठरलेला वाटा पाहुण्या संघाला द्यायचा (ती पद्धत १९८३ मध्ये बंद झाली). ४५० माणसांच्या गल्ल्यातून वाटा दिल्यावर पंच, पोलिस आणि मैदान यांचा खर्च तरी निघाला का, हे ज्यानं त्यानं मनात धरावं.

प्रश्न : आमच्या मंडळाला जुन्या इंग्लिश हंगामांचे गुणतक्ते मराठीत करून वार्षिकात छापायचे आहेत. दोन संघांचे गुण सारखे असतात तिथं क्रम उलटा लागल्यासारखा दिसतो. जुन्या कागदावर आकडेही पुसट आहेत. तपासायचं कसं?
— मंडळाचे एक कार्यकर्ते, मंगळवार पेठ

क्रम उलटा नाही, नियम वेगळा होता. १९७५-७६ पर्यंत इंग्लिश लीगमध्ये गुण सारखे झाले की गोलफरक नव्हे, गोल-सरासरी बघत. केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचं. १९७६-७७ पासून वजाबाकी आली.

फरक किती पडतो, ते समजायला दोन काल्पनिक संघ घ्या. 'क' नं ६० केले, ४० खाल्ले. 'ख' नं ३० केले, १८ खाल्ले. वजाबाकीनं 'क' वर : २० विरुद्ध १२. भागाकारानं 'क' ला १.५०० आणि 'ख' ला १.६६७, म्हणजे 'ख' वर. भागाकार कमी गोलांच्या, दार लावून खेळणाऱ्या संघाला धार्जिणा होता. 'क' नं एक गोल जास्त केला तर १.५२५, पण एक कमी खाल्ला तर १.५३८. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये वरच्या जागांवरचे संघ २-० झालं की मागं सरकायचे. तळातल्या संघाचं याच्या उलट. रॉचडेलचे ३८ भागिले ९४ म्हणजे ०.४०४; एक गोल जास्त केला असता तर ०.४१५, एक कमी खाल्ला असता तर ०.४०९. बुडत्याला गोल करण्यातच फायदा होता.

दशांशाची तीन स्थळं ठेवा. दोन ठेवलीत तर कधीतरी दोन संघ खोटेच सारखे दिसतील.

आता तपासणी. जुन्या तक्त्यात बहुधा घरचे पाच रकाने आधी येतात (विजय, बरोबरी, पराभव, केलेले, खाल्लेले), मग बाहेरचे पाच, शेवटी गुण. आधी आडवं तपासा : तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनमध्ये घरच्या तिन्हींची बेरीज २३, बाहेरच्यांची २३. विजयांची दुप्पट अधिक बरोबऱ्या म्हणजे गुण. आले नाहीत तर त्या ओळीत चूक आहे. मग उभं : घरच्या विजयांची एकूण बेरीज बाहेरच्या पराभवांएवढी हवी, घरच्या बरोबऱ्या बाहेरच्या बरोबऱ्यांएवढ्या, घरी केलेले गोल बाहेर खाल्लेल्या गोलांएवढे. शेवटी सगळ्यांच्या गुणांची बेरीज. २४ संघांत ५५२ सामने होतात आणि प्रत्येक सामन्यातून दोनच गुण निघतात, तेव्हा ती बरोब्बर ११०४ यायला हवी. एकानंही चुकली तर छापू नका. पुसट कागदावर ३ आणि ८, १ आणि ७ यांची अदलाबदल होते. बेरीज ५ नं किंवा ६ नं चुकली की आधी तिकडं बघा.

१९८१-८२ पासून विजयाला ३ गुण झाले, त्यामुळं ११०४ ची युक्ती तिथून पुढं चालत नाही. आणि काही जण जुन्या तक्त्यांना नव्या नियमानं गुण लावून 'सुधारून' छापतात, तसं कृपा करून करू नका. खेळाडू त्या दिवशी ज्या नियमानं खेळले, बरोबरीवर समाधान मानलं की नाही ते त्या नियमावर ठरलं. रॉचडेलला नव्या नियमानं २३ गुण होतात. त्यातून कुणाला काय कळणार?

प्रश्न : रॉचडेल तिसऱ्यातून चौथ्यात गेला. पण चौथ्याच्या तळाला आलेला संघ कुठं जायचा? खाली काहीच नव्हतं का?
— एक वाचक, कसबा बावडा

खाली होतं बरंच, पण जिना नव्हता. तिसऱ्यातून चौथ्यात दरवर्षी चार उतरत, चार चढत. १९७४ ला रॉचडेलबरोबर साउथपोर्ट, श्रूसबरी आणि केंब्रिज युनायटेड उतरले. चौथ्याच्या तळाला मात्र उतरंड नव्हती, निवडणूक होती.

तळातल्या चार क्लबांना लीगच्या वार्षिक सभेपुढं अर्ज करायचा : आम्हाला पुन्हा घ्या. लीगबाहेरचे क्लबही त्याच जागांसाठी अर्ज करायचे. पहिल्या-दुसऱ्या डिव्हिजनच्या ४४ क्लबांना एकेक मत. तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनच्या ४८ क्लबांना मात्र सगळे मिळून मोजकीच मतं. मतपत्रिकेवर चार नावं. सर्वाधिक मतांचे चार आत.

साखर कारखान्याची निवडणूक बघितलेल्या माणसाला निकाल आधीच कळेल. आतले बहुतेक वेळा आतच राहायचे. ओळखी जुन्या, आणि 'आज ह्याची पाळी, उद्या माझी' ही भीती तर होतीच. सत्तरच्या दशकात चारदाच उलथापालथ झाली : १९७० ला ब्रॅडफर्ड पार्क अव्हेन्यू जाऊन केंब्रिज युनायटेड आला, १९७२ ला बॅरो जाऊन हेरफर्ड, १९७७ ला वर्किंग्टन जाऊन विम्बल्डन, १९७८ ला साउथपोर्ट जाऊन विगन. बॅरो आणि वर्किंग्टन दोन्ही वायव्येच्या टोकाला. तिथवरचा प्रवास पाहुण्या संघांना नको असायचा, हे कारण मतपत्रिकेवर लिहिलेलं नसलं तरी बोललं जायचं. बॅरो तर त्या वर्षी तळालाही नव्हता, २२ वा होता. पण समोर हेरफर्ड होता, ज्यानं चार महिन्यांपूर्वी कपात पहिल्या डिव्हिजनच्या न्यूकॅसलला २-१ हरवलेलं. गुणतक्त्यापेक्षा गाजावाजा भारी पडला. हेरफर्डनं मत देणाऱ्यांना खोटं पाडलं नाही, हेही सांगायला हवं : पहिल्याच हंगामात चौथ्यातून वर, १९७६ ला तिसऱ्यात पहिला.

रॉचडेलचं नशीब मात्र या निवडणुकीत फळफळलं. १९७७-७८ ला तो चौथ्यातही तळाला, २४ वा. साउथपोर्ट त्याच्या वर, २३ वा. सभेनं तळातल्या रॉचडेलला ठेवलं आणि साउथपोर्टला घालवलं. १९८० ला पुन्हा तळाला. या वेळी बाहेरच्या ऑल्ट्रिंगमला २५ मतं आणि रॉचडेलला २६. एका मतानं वाचला. ही पद्धत १९८६-८७ च्या हंगामापासून गेली आणि तळातला संघ थेट खाली जाऊ लागला. रॉचडेल १९७४ ला जो सर्वांत खालच्या डिव्हिजनमध्ये उतरला तो थेट २०१० ला वर आला. छत्तीस वर्षं. इंग्लंडात त्या डिव्हिजनलाच गमतीनं 'रॉचडेल डिव्हिजन' म्हणायचे.

प्रश्न : जुन्या चित्रफितींत इंग्लिश मैदानं म्हणजे नुसता चिखल. एवढा श्रीमंत देश, मैदान का राखता येत नव्हतं? आमच्या तालमीच्या सरावाच्या मैदानालाही गोलसमोर खड्डा पडतो. त्यांचा काही उपाय आम्हाला लागू पडेल का?
— एक वाचक, फुलेवाडी

कारण गवतात आहे. जमिनीचं तापमान ५-६ अंशांच्या खाली गेलं की राय गवताची वाढ जवळपास थांबते. नोव्हेंबर ते मार्च खुडलेलं गवत पुन्हा फुटत नाही, आणि हंगाम नेमका तेव्हाच. त्यातून खालच्या डिव्हिजनच्या क्लबाकडं एकच मैदान : लीगचे २३, कपचे वेगळे, राखीव संघाचे त्यावर. ओल्या जमिनीवर खिळ्यांचे बूट नाचले की मातीतली हवा निघून जाते, पाणी खाली मुरत नाही, वरच साचतं. मग दिसायला सपाट व्हावं म्हणून कुणीतरी जड रोलर फिरवतं आणि उरलीसुरली हवाही जाते. आमच्या मते त्या चिखलाचा निम्मा दोष रोलरचा.

उपाय तेव्हाही होता, कष्टाचा : काट्यानं भोकं पाडून वाळू भरणं. तुमच्या खड्ड्याला तो चालेल. शेतातलं वाकडं दाताळं नको, सरळ दातांचा बागेतला काटा घ्या. १० ते १५ सेंटिमीटर खोल पायानं दाबायचा, दांडा बोटभर मागं ओढायचा, सरळ वर काढायचा. दोन भोकांत १० सेंटिमीटर. काम करत मागं-मागं सरकायचं, म्हणजे पाडलेल्या भोकांवर पाय पडत नाही. काटा बाहेर येताना माती चिकटून आली तर त्या दिवशी थांबा. चिकण माती ओली असताना भोकाच्या कडा लिंपल्या जातात आणि ते भोक म्हणजे पाण्याचा पेला होतो.

वाळू धुतलेली, मध्यम दाण्याची. गिलाव्याची बारीक वाळू चालत नाही, तिच्यातली माती भोकं बुजवते. गोलसमोरची छोटी चौकट २० यार्ड बाय ६ यार्ड, म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. त्यावर ५ मिलिमीटर थर धरला तर अर्धा घनमीटर लागते, पाव ब्रासला कमीच, वजनानं सुमारे ८०० किलो. पसरून खराट्यानं भोकांत लोटायची. वर जाड थर सोडू नका, आणि मातीत थोडीशी वाळू कालवून तर अजिबात नको : चिकण माती आणि थोडी वाळू यांची वीट होते.

आपला खरा त्रास मात्र उलटा आहे. आपला हंगाम पाऊस संपल्यावर, त्यामुळं चिखल कमी आणि टणकपणा, धूळ जास्त. तेव्हा भोकं आणि वाळूचं काम जूनच्या पहिल्या पावसानंतर वाफसा आला की करा आणि उघड्या जागी हराळीचे तुकडे चार-चार बोटांवर लावा. पावसाळाभर ती पसरते. तेवढे दिवस गोलचे खांब दहा पावलं बाजूला हलवून सराव करा. खांब तिथंच ठेवून गवत लावलं तर ते आठवडाभरही टिकत नाही. हंगामात सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पाणी, सकाळी वरचा थर ओलसर पण चकाकत नसेल तर हलका रोलर, एकदाच.

प्रश्न : तेव्हा बदली खेळाडू किती? आणि लाल कार्ड?
— एक वाचक, राजेंद्रनगर

लीगमध्ये बदली एक, पाठीवर १२ नंबर. दुसरा १९८७ पर्यंत नाही. तो एक वापरल्यावर कुणी जखमी झाला तर लंगडत विंगला उभा राहायचा किंवा दहा जणांत खेळायचं. गोलरक्षक पडला तर मैदानातलाच कुणीतरी हातमोजे घालायचा. कार्डं इंग्लिश लीगमध्ये २ ऑक्टोबर १९७६ ला आली. १९७३-७४ मध्ये पंच वहीत नाव लिहायचा, आणि घालवायचं असेल तर बोटानं दार दाखवायचा.